पुलाचे पाय

पूर्वी मे महिन्यात शिरूरला घोडनदीचं आणि दौंडला भीमेचं पात्र बरंचसं उघडं पडायचं. वाळूत झिरा खणला की ओंजळभर नितळ पाणी लागे. पुलाखालून चालत गेलं की खांब पार बुडापासून दिसत. वाळू कुठे खचली, दगडांच्या दर्जा कुठे सुटल्या, हे गुरं घेऊन आलेल्या पोरालाही कळायचं. दौंड-मनमाड रेल्वे 1878 साली सुरू झाली. दौंडच्या कित्येक पिढ्यांनी भीमेतले रेल्वेचे खांब असे पायथ्यापासून पाहिले.

डोहात मात्र भोई उतरत. बंधाऱ्यात पाणी अडवायचा ढापा अडकला, पाण्याखालच्या बांधकामाची शंका आली, की त्यांना बोलावणं जाई. छाती भरून दम घ्यायचा, खाली जायचं आणि दगडांच्या सांध्यांवरून बोटं फिरवायची. वर आल्यावर माप सांगायचं तेही अंगाचंच: "साहेब, कोपरापर्यंत हात आत जातोय." साहेब ते वहीत उतरवून घेत. त्या बोटांचा मला आजही भरवसा वाटतो.

आता पात्र उघडं पडणंच दुर्मीळ झालंय. जागोजागी बंधारे झाले. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं, त्याचा फुगवटा दौंड तालुक्यात शिरतो. रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते ती पुण्याचं सांडपाणी घेऊनच. वर जलपर्णी, खाली काळं पाणी, आणि त्याच पाण्यातून बोटींनी वाळूचा उपसा. जिलेटिन लावून बोटी उडवल्या, तरी उपसा काही थांबला नाही. वाळू गेली की खांबाचा पाया उघडा पडतो, आणि पुराचं पाणी खांबाला वळसा घालताना तळ आणखी कोरत जातं. धोका वाढला, नेमकं तेव्हाच दिसायचं बंद झालं, याची मला फार काळजी वाटते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. ती बातमी ऐकल्यापासून पावसाळ्यात पुलावरून जाताना नजर आपोआप खांबांकडे वळते.

असल्या पाण्यात आता माणूस उतरवू नये. त्यासाठी आरओव्ही हे दुरून चालवायचं पाण्याखालचं यंत्र आहे: पाठीमागे लांब केबल, पुढे दिवे आणि कॅमेरा, पाण्यात फिरायला छोटे पंखे. चालवणारा काठावर बसून पडद्यावर बघतो. 1966 साली स्पेनजवळ समुद्रात पडलेला अमेरिकेचा हायड्रोजन बॉम्ब वर काढला तो अशाच यंत्राच्या मदतीने. आपल्या गढूळ नदीत कॅमेऱ्याला फारसं दिसणार नाही. तिथे सोनार लागतं. ते आवाजाच्या लहरी सोडतं आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून खड्ड्याचा आकार दाखवतं. कोपरापर्यंत म्हणजे नेमकं किती, ते आकड्यात कळतं, आणि पुढच्या वर्षी ताडूनही बघता येतं.

घोड आणि भीमेवरच्या जुन्या पुलांची अशी तपासणी दरवर्षी पूर ओसरल्यावर, ढापे टाकायच्या आत व्हावी. आणि पडद्याशेजारी एखाद्या जुन्या भोयाला खुर्ची द्यावी. यंत्र आधी कुठल्या खांबाशी सोडायचं, ते त्याला विचारावं.