त्रास काहीच नाही हो!

गिनीपिग सांभाळायला देताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांच्या मुळाशी भीड होती. माहितीची उणीव नव्हती. या प्राण्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला सतत गवत चघळावं लागतं, आणि आतडी चालू राहायची तर दिवसरात्र थोडं थोडं खात राहावं लागतं, हे सगळं मी वाचलं होतं. पण दुसऱ्याला सांगायची वेळ आली की तोंडातून एकच वाक्य निघायचं : 'त्रास काहीच नाही हो!'

मूग आणि मटकी या दोन गिनीपिग लेकीच्या हट्टापायी आमच्या बोईसरच्या घरी आल्या. नवरा तारापूर एमआयडीसीत शिफ्टला, मी नोकरीसाठी पालघरला. दोघींची खरी देखभाल लेकीकडेच. फ्रिजचं दार उघडलं की त्या शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेत, आणि त्या शिट्ट्यांवरच त्यांची तब्येत ठीक आहे असं आम्ही धरून चालायचो.

पहिली चूक मे महिन्यातली. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, कुणाला सांगायचं म्हणून कुणालाच सांगितलं नाही. दोन दिवसांचं गवत एकदम टाकलं, पाण्याच्या दोन बाटल्या लटकवल्या, खिडक्या लावल्या, पंखा चालू ठेवला आणि निघालो. गिनीपिग मूळचे अँडीजच्या डोंगराळ, थंड मुलखातले. त्यांना घाम येत नाही. पारा 27-28 अंशांच्या वर गेला की त्यांना सोसेनासं होतं, आणि आपल्याकडे किनाऱ्यावर मे महिन्यात तो त्याच्या बराच वर असतो, शिवाय दमटपणा. बंद फ्लॅटमध्ये पंखा गरम हवाच फिरवणार. परत आलो तेव्हा एक बाटली गळून रिकामी झालेली, तिच्याखालचं गवत कुबट झालेलं, आणि दोघी आडव्या पडून धापा टाकत होत्या. त्या वेळी निभावलं. त्यातून मी अर्धाच धडा घेतला, की पुढच्या वेळी कुणाकडे तरी ठेवायचं.

पुढची वेळ गणपतीची. चिपळूणजवळ आमचं गाव. गणपतीला न जाणं शक्य नव्हतं, आणि डहाणू-पनवेल मेमूतून, मग कोकणच्या गाडीतून, गौरी-गणपतीच्या गर्दीत पिंजरा नेणंही शक्य नव्हतं. ओळखीतली अर्धी माणसं तेव्हा गावीच जातात, उरलेल्यांपैकी कुणाची रात्रपाळी. शेवटी शेजारच्या काकू राहिल्या. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती, घरात पाहुणे. अशा घरात आणखी एक काम टाकतोय याची मला इतकी लाज वाटली, की मी ते काम बोलता बोलता लहान करत गेले. 'गवत टाकायचं, पाणी बदललं की झालं. रोज बघितलं नाही तरी चालेल.' ते शेवटचं वाक्य मीच बोलले होते. नंतर कितीही वाटलं तरी ते परत घेता आलं नाही.

काकूंनी मी सांगितल्यापेक्षा जास्त केलं. पूजेच्या दूर्वांतली एक जुडी रोज दोघींना घातली, आणि ती तर त्यांच्यासाठी उत्तमच. पण प्रसाद घरातल्या सगळ्यांना मिळतो या न्यायाने मोदकाचा तुकडाही मिळाला, पोळी मिळाली, भिजवलेले चणे मिळाले. गोड आणि पिठूळ पदार्थांनी यांच्या पोटातले उपयोगी जिवाणू बिघडतात, पोटात वायू धरतो. घरात आरती, झांजा आणि पोरांची दंगल म्हणून काकूंनी पिंजरा गॅलरीत हलवला. हेतू चांगलाच होता. तिथे पावसाची झड आत येत होती. गवताची पिशवी दमट झाली आणि आतून बुरशी धरू लागली. बुरशी कशी ओळखायची, हे मी सांगितलेलं नव्हतं.

मटकीने खाणं कमी केलं, हे काकूंच्या लक्षात आलं होतं. ही गोष्ट मला आजही बोचते. त्यांनी पाहिलं, त्यांना चुकल्यासारखं वाटलं, फोन हातात घेतला, आणि ठेवून दिला. 'तुम्ही सणाला गेलेल्या, कशाला उगाच जिवाला घोर लावायचा,' असं त्या नंतर म्हणाल्या. माझी भीड इकडे, त्यांची भीड तिकडे, आणि त्या दोघींच्या मधे पिंजऱ्यात एक उपाशी जीव. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे तिने भीकही मागितली नाही, सरळ जीव मागितला.

गिनीपिगने अर्धा-एक दिवस खाल्लं नाही तरी आतडी थंडावू लागतात. एकदा ती थांबली की भूक जाते, भूक गेली की ती आणखी थांबतात. शिकार होणारा प्राणी असल्याने आजारपण तो शेवटपर्यंत लपवतो. बसलेला दिसतो, डोळे उघडे असतात. खरी खबर मिळते ती लेंड्यांतून. धड असलेला गिनीपिग दिवसाला शंभराच्या आसपास लेंड्या टाकतो. त्या बारीक, कोरड्या, कमी झाल्या की धोक्याची घंटा वाजली समजावं. आम्ही परतलो तेव्हा मटकीच्या बाजूचा कागद जवळजवळ स्वच्छ होता.

इथल्या ज्या डॉक्टरांकडे धावलो, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांचा हात गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांवर बसलेला आहे, तुम्ही मुंबईला न्या. मुंबईच्या डॉक्टरांनी सलाइन, वेदनाशामक आणि आतडी चालवण्याचं औषध दिलं. भिजवलेल्या पेलेट्सची पेज सिरिंजने दर दोन-तीन तासांनी भरवायची होती. लेकीने आणि मी पाळ्या लावल्या. मटकी वाचली नाही. मुंबईतला डॉक्टर आधी शोधून, त्याचा नंबर आणि तिथे पोचायला लागणारा वेळ लिहून ठेवला असता, तर काकूंच्या हातात निदान काहीतरी असतं.

यापुढचं सांगायला जड जातं. काही आठवडे मी लोकांना सांगत राहिले की शेजारणीने मोदक घातला म्हणून आमची मटकी गेली. थेट काकूंना बोलले नाही. पण सोसायटीत गोष्ट फिरतेच. काकू जिन्यात दिसल्या की मान खाली घालू लागल्या. लेकच एकदा म्हणाली, 'आई, मोदक द्यायचा नाही, हे तू त्यांना सांगितलं होतंस का?' मी काकूंकडे गेले आणि चूक कुणाची होती ते सांगितलं. त्या रडल्या. त्यांचं समाधान झालं की नाही, मला माहीत नाही.

मूग एकटी पडली. हे प्राणी कळपाने राहणारे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा गिनीपिग ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. आम्ही तिला सोबत आणली, आणि त्यानंतर गावी जायची वेळ आली तेव्हा भीड गुंडाळून ठेवून कागद घेतला.

कागदावर आधी मनाई लिहिली : पोळी, भात, गोड, कांदा, लसूण, बटाटा, कच्चा अळू काहीही नाही. मग रोजचं : गवत कायम भरलेलं, वास घेऊन आणि कोरडं पाहून. माणसासारखंच यांच्याही शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणूनच 1907 साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिक यांना स्कर्व्हीचा अभ्यास यांच्यावर करता आला. त्या जीवनसत्त्वासाठी रोज ढोबळी मिरचीची फोड आणि कोथिंबीर. पाण्याच्या बाटलीचं तोंड बोटाने दाबून थेंब येतो का बघायचा. दिवसाआड स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. आणि सगळ्यांत वर, लाल पेनाने : सकाळच्या गवताला संध्याकाळपर्यंत तोंड लागलं नसेल तर फोन करायचा, आम्ही आरतीत असलो तरी, मध्यरात्र असली तरी.

काम घेतलं कॉलेजमध्ये शिकणाऱ्या एका मुलीने. तिला पैसे दिले. पैसे देताना मला अवघडल्यासारखं झालं, पण पैशामुळे आम्हा दोघींनाही स्पष्ट बोलता आलं. आधी एक रात्र तिच्याकडे ठेवून पाहिलं. सकाळ-संध्याकाळ ती लेंड्यांच्या ट्रेचा फोटो पाठवायची. गावी ताटावर बसल्यावर असे फोटो उघडायची मला सवय झाली. एकदा तिचा भर दुपारी फोन आला, मूग गप्प आहे म्हणून. मूग झोपली होती. 'सॉरी काकू, उगाच त्रास दिला,' असं ती म्हणाली. मी तिला म्हटलं, असा त्रास रोज दे.

काकूंचं आणि माझं बोलणं हळूहळू पूर्ववत झालं. परवा त्या मुलाकडे निघाल्या तेव्हा तुळशीला पाणी घालायचं मला सांगून गेल्या. 'त्रास काही नाही हो, तांब्याभर घाला,' त्या म्हणाल्या. मी त्यांना दारातच थांबवलं आणि विचारलं, 'रोज की दिवसाआड? आणि पानं पिवळी पडू लागली तर फोन कुठल्या नंबरवर करू?'