फ्रीज गार होईना

गेल्या वैशाखात आमचा फ्रीज रात्रंदिवस घुरघुरे, पण आत गारवा म्हणून नाही. पाण्याचे काही नाही, माठ आहेच. पण आत शेजारणीच्या कोंबड्यांची मानमोडीची लस होती. ती २ ते ८ अंशांतच टिकते.

दाराच्या रबरात कागद धरून पाहिला, घट्ट होता. मग फ्रीज पुढे ओढला. मागे ज्वारीचे पोते, मीच टेकवलेले! जाळीवर फोल नि धुळीचा थर. आतली उष्णता बाहेर जाणार कोठून? प्लग काढून कुंचल्याने जाळी झाडली, भिंतीपासून वीतभर जागा सोडली. रात्रीपर्यंत गारवा धरला.

लस दिसायला तशीच होती. शेजारीण म्हणाली, "भाऊ, देऊन तर बघा." मी ती उकळून पुरली आणि तालुक्याहून पदरच्या पैशाने नवी आणली, बर्फाच्या थर्मासातून.