सामर्थ्य आणि पकड

सामर्थ्य म्हणजे केवळ जोर, अशी मनुष्याची एक जुनी समजूत आहे. ज्याच्या दंडांत बळ अधिक, ज्याच्या इंजिनांत अश्वशक्ति अधिक, तो अधिक समर्थ, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु महाभारतांतील कर्णाची कथा ज्यांनीं लक्षपूर्वक वाचली असेल, त्यांस या समजुतीचा फोलपणा दिसून आलाच असेल. कुरुक्षेत्रावर अखेरच्या प्रसंगीं कर्णाच्या बाहूंतील बळ कमी झालें नव्हतें. परंतु रथाचें चाक भूमींत रुतलें आणि तो महारथी असहाय झाला. चाक आणि भूमि यांचा संबंध बिघडला कीं रथांतील सारें सामर्थ्य व्यर्थ होतें, हा या प्रसंगाचा एक अर्थ आम्हांस वाटतो. आज रथांची जागा मोटारींनीं घेतली आहे. आणि त्यांतही ज्या अतिशय शक्तिमान, शर्यतीच्या धाटणीच्या मोटारी आहेत, त्यांच्या बाबतींत हा अर्थ थंडीच्या दिवसांत विशेषच खरा ठरतो. त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

थंडीनें मोटार घसरते असें म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें युरोपांतील बर्फाच्छादित रस्ते उभे राहतात. 'नाशिकला कोठें बर्फ पडतो?' असें कोणीही विचारील. बर्फ पडत नाहीं हें खरें. परंतु पौषांतील नाशिकची पहाट ज्यांनीं अनुभवली आहे, त्यांस तिच्या धारेविषयीं सांगावयास नको. निफाड तालुक्यांत तर पारा कधीं कधीं पांच अंशांच्याही खालीं उतरतो, आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रांतील नोंद दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत झळकते. अशा रात्रीं द्राक्षबागाईतदारांस झोंप नसते. मण्यांस तडे जाऊं नयेत म्हणून ते पहाटे बागांत शेकोट्या पेटवितात. थंडी डोळ्यांना दिसत नसली तरी ती वस्तूंचा स्वभाव बदलते, हें आमचा शेतकरी पक्कें जाणतो. मोटार हांकणारा मात्र तें क्वचितच जाणतो.

आणि मोटारी व रस्ते आतां पूर्वीचे राहिले नाहींत. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. ७०१ किलोमीटरांच्या या मार्गावर सपाट भागांत मोटारींस ताशीं १२० किलोमीटरांपर्यंत वेगाची मुभा आहे. सुटीच्या दिवशीं पहाटे, रस्ते मोकळे असतात म्हणून, पॉर्शे, फेरारी, लँबोर्गिनी अशा नांवांच्या गाड्या नाशिकच्या रोखानें येतांना दिसतात. म्हणजे वर्षांतील सर्वांत थंड महिना, दिवसांतील सर्वांत थंड घटका आणि सर्वांत शक्तिमान गाडी, या तिहींचा योग येथें जुळून येतो.

टायर ही वस्तु नाशिककरांस परकी नाहीं; सातपूरला सिएटचा कारखाना आहे. तरीही टायर करितो तरी काय, याचा विचार आपण फारसा करीत नाहीं. गाडी कितीही मोठी असो, ती जमिनीस स्पर्श करिते ती चार ठिकाणींच, आणि त्यांपैकीं प्रत्येक ठिकाण सुमारें माणसाच्या तळहाताएवढें असतें. वेग घेणें, वळणें आणि थांबणें हीं तिन्ही कामें या चार तळहातांवरच होतात. तेथें रबर रस्त्याला दोन प्रकारांनीं धरून ठेवितें. एक तर रस्त्यावरील खडीच्या बारीक उंचवट्यांभोंवतीं तें दबून बसतें आणि पूर्वस्थितीस परत येतांना किंचित् आळस करितें. या आळसामुळेंच घसरण्यास विरोध होतो. दुसरें असें कीं, रबर आणि रस्ता यांचे कण जेथें अगदीं निकट येतात, तेथें ते एकमेकांस क्षणभर चिकटतात. दोन्ही प्रकारांस अट एकच आहे: रबर मऊ पाहिजे.

थंडी नेमकी हीच अट मोडते. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या सांखळ्यांचा गुंता होय. चार्ल्स गुडइयर यानें १८३९ मध्यें गंधक आणि उष्णता यांच्या योगानें या सांखळ्या एकमेकींस जोडण्याची युक्ति शोधून काढली. तत्पूर्वीं रबर उन्हाळ्यांत चिकट होई आणि हिंवाळ्यांत कडक होई. गुडइयरच्या युक्तीनें हा दोष पुष्कळ कमी झाला, पण नाहींसा झाला नाहीं. तापमान उतरूं लागलें कीं सांखळ्यांची हालचाल मंदावते, रबर ताठर होतें, आणि थंडी फारच वाढली तर तें कांचेसारखें ठिसूळ होतें. ही मर्यादा प्रत्येक मिश्रणाची निराळी असते. साधारण कुटुंबाच्या मोटारीचे टायर पुष्कळ हवामानांत बऱ्यापैकीं निभावतील अशा बेतानें केलेले असतात. शर्यतीच्या धाटणीच्या गाडीचे टायर मात्र उन्हाळ्यासाठीं, आणि त्यांतील कांहीं तर शर्यतीच्या मैदानावरील ऐंशी-नव्वद अंशांच्या उष्णतेसाठीं घडविलेले असतात. तापल्यावर ते रस्त्यास घोरपडीसारखे धरून राहतात. परंतु थंड असतां त्यांची पकड साध्या टायरांहूनही कमी पडूं शकते. सुमारें सात अंशांखालीं उन्हाळी टायरांवर विसंबूं नये, असा युरोपांतील सर्वसाधारण संकेत आहे. फिनलंडांत १९३४ सालींच हिंवाळ्याकरितां निराळा टायर तयार झाला, आणि जर्मनींत २०१० पासून बर्फाळ रस्त्यांवर तशा टायरांची कायद्यानें सक्ती आहे.

येथें थोडें गणित करूं. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी ब्रेक लावून थांबवावयाची आहे. टायर आणि रस्ता यांमधील घर्षणगुणक ०.९ धरला, तर ती सुमारें ४४ मीटरांत थांबते. समजा तो ०.६ वर आला, तर सुमारें ६६ मीटर लागतात. ही २२ मीटरांची तफावत म्हणजे ओळीनें मांडलेल्या तीन वर्गखोल्यांची लांबी. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनीं हें गणित स्वतः करून पाहावें. त्यांत इंजिनाची अश्वशक्ति कोठेंच येत नाहीं, हें त्यांच्या तेव्हांच ध्यानांत येईल.

अश्वशक्ति येते ती निराळ्या ठिकाणीं, आणि तीही शत्रु होऊन. लहान मोटारींत ऐंशी-नव्वद अश्वशक्ति असते. तिच्या ॲक्सिलरेटरवर पाय जोरानें पडला तरी चाकें सहसा निसटत नाहींत, कारण तेवढा जोरच तिच्यांत नसतो. पांचशें अश्वशक्तीच्या गाडींत मात्र पायाच्या अंगठ्याच्या हालचालीनें मागील चाकें पकड सोडून जागच्या जागीं गरगर फिरूं लागतात. पकड ही घरच्या मिळकतीसारखी आहे. एका खातीं सारी उधळली कीं दुसऱ्यास कांहीं उरत नाहीं. गरगर फिरणाऱ्या चाकापाशीं गाडीस बाजूनें सांवरून धरण्यास पकड उरत नाहीं, आणि गाडीचा मागील भाग आडवा फिरतो.

हा प्रकार आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. गेल्या डिसेंबरांत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा सकाळीं सातला प्रार्थनेनें सुरू झाला. एक तरुण माजी विद्यार्थी आपली अशीच एक शक्तिमान गाडी घेऊन आदल्या रात्रींच आले होते, आणि ती रात्रभर पटांगणाच्या कडेला दंवांत उभी होती. अल्पोपाहारानंतर मुलांचा तिच्याभोंवतीं गराडा पडला. 'किती पळते?' 'शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत जाते?' असे प्रश्न चोहोंकडून आले. टायरांविषयीं कोणींही विचारलें नाहीं. आमच्या शाळेच्या बसचे चालक, ज्यांस आम्ही सारे काका म्हणतों, ते मात्र खालीं बसले, टायरावर हात ठेविला आणि म्हणाले, "दादा, टायर अजून गार आहेत. जरा सावकाश काढा." तरुणानें हंसून मान हालविली. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. फाटकाबाहेर वळतांच इंजिन गरजलें, मागील चाकें किंचाळलीं, आणि गाडी निम्मा रस्ता ओलांडून आडवी झाली. पलीकडे सायकल हातीं धरून वर्तमानपत्रें वांटणारा एक मुलगा उभा होता. त्याच्यापासून गाडी दोन हातांवर थांबली. कोणास इजा झाली नाहीं. गाडीचे मालक खालीं उतरले, त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून कांहीं वेळ उभे राहिले, आणि नंतर एक अक्षरही न बोलतां अगदीं हळूं गाडी घेऊन निघून गेले. टाळ्या केव्हांच थांबल्या होत्या. तो वर्तमानपत्रवाला मुलगा आमच्याच वयाचा होता, ही गोष्ट आमच्या मनांतून अद्याप जात नाहीं.

रबराच्या स्वभावाकडे दुर्लक्ष केल्याचें फळ किती भयंकर असूं शकतें, याचें दुसरें उदाहरण मोटारींच्या क्षेत्राबाहेरचें आहे. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें आणि त्यांतील सातही जण मृत्यु पावले. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ या शाळाशिक्षिका होत्या, आणि शाळाशाळांतून मुलें तें उड्डाण पाहत होतीं. अग्निबाणाच्या सांध्यांत तप्त वायु अडविण्यासाठीं रबराचीं कडीं बसविलेलीं होतीं. ती रात्र गोठविणारी होती. थंडीनें कडीं ताठरलीं आणि सांधा वेळेवर बंद झाला नाहीं. कांहीं तंत्रज्ञांनीं आदल्या संध्याकाळींच धोक्याची सूचना दिली होती, पण ती मानली गेली नाहीं. पुढें चौकशी मंडळांतील पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनीं त्या रबराचा एक तुकडा चिमट्यांत दाबून बर्फाच्या पाण्यांत ठेविला, आणि बाहेर काढल्यावर तो लगेच फुगून पूर्ववत् होत नाहीं हें सर्वांसमक्ष दाखविलें. एवढा मोठा अनर्थ, आणि त्याचें कारण वर्गांतील पेल्यांत दाखवितां येण्याजोगें! आमच्या काकांचा टायरावरील हात आणि फाइनमन यांचा पेला, या दोहोंनीं एकच गोष्ट सांगितली.

मग उपाय काय? आमच्याकडे दुपारीं पारा पुन्हां अठ्ठावीस-तीस अंशांवर चढतो, म्हणून फिनलंडांतील टायर येथें आणण्याचें प्रयोजन नाहीं. उपाय फार साधे आहेत, पण त्यांस धीर लागतो. पुष्कळ लोक सकाळीं गाडी उभी ठेवून इंजिन चालू करितात आणि गाडी तापली असें समजतात. त्यानें इंजिन तापतें, टायर तापत नाहींत. टायर तापतो तो फिरल्यानें, वारंवार दबल्यानें व उलगडल्यानें. यास्तव पहिले आठ-दहा किलोमीटर तरी सौम्यपणें, वळणांवर विशेष जपून, गाडी चालवावी. इगतपुरीस चहासाठीं अर्धा तास थांबलें कीं टायर पुन्हां गार होतात. पुढें लागलीच कसाऱ्याचा घाट उतरावयाचा आहे, याचें भान ठेवावें. हवाही थंडींत कमी होते: दुपारीं ३० अंशांत ३२ पौंड भरलेली हवा पहाटे १० अंशांत सुमारें २९ पौंडांवर येते. म्हणून ती सकाळीं, गाडी चालण्यापूर्वीं मोजावी. निफाड-लासलगांवकडील रस्त्यांवर ट्रॅक्टरांच्या चाकांची माती आणि पहाटेचें दंव यांचा मिलाफ झालेला असतो, तेथें तर दुप्पट सावधगिरी हवी. नवीन गाड्यांत चाकें निसटूं लागतांच जोर कमी करणारीं यंत्रें असतात, हें खरें. परंतु तीं असलेली पकड नीट वांटून देतात, नसलेली पकड निर्माण करीत नाहींत.

आमच्यापैकीं कित्येकांस पुढील दोन-तीन वर्षांत वाहन चालविण्याचा परवाना मिळेल. पांचशें अश्वशक्तीची गाडी फारच थोड्यांच्या नशिबीं असेल, पण वेगाची ओढ सर्वांच्याच रक्तांत आहे, आणि मोटारसायकलीस तर चार नव्हे, दोनच तळहातांचा आधार असतो. शुभवर्तमानांतील वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आम्ही प्रार्थनेच्या तासाला अनेकदां ऐकला आहे. त्या मनुष्याच्या घराच्या भिंती दुबळ्या होत्या असें तेथें कोठेंही म्हटलेलें नाहीं. पाया कशावर आहे, एवढेंच त्यानें पाहिलें नाहीं. विद्या, पैसा, वक्तृत्व, अधिकार, यांपैकीं कोणतीही शक्ति हातीं आली कीं तिच्या खालची भूमि आधीं हात लावून पाहावी, आणि ती तयार होईपर्यंत थांबावें. असें थांबण्यांत भित्रेपणा नाहीं. लहान बंधुभगिनींना आमची एवढीच विनंति आहे कीं, उद्यां पहाटे घरचें कोणी गाडी काढूं लागलें तर "दादा, बाबा, टायर अजून गार आहेत, जरा सावकाश" एवढे शब्द त्यांनीं न लाजतां बोलावे. रस्त्याच्या पलीकडे कोणी तरी सायकल धरून उभा असतोच.