हजार डेनिअरचं पाकीट

पनवेलच्या पावसात काय काय टिकत नाही याची यादी होस्टेलवाल्यांना पाठ आहे. चपलेचा अंगठा, सॅकची चेन, शंभर रुपयांची छत्री आणि वाळत घातलेल्या जीन्सचा वास. या यादीत मला आणखी एक नाव टाकायचंय, ते म्हणजे रिव्हॉल्वरचं होल्स्टर. दचकू नका, ते माझं नाही. आमच्या आप्पांचं.

आप्पा फौजेतून रिटायर झाले आणि कळंबोलीला राहून एटीएमच्या कॅश व्हॅनवर गनमनची नोकरी धरली. गाव साताऱ्याकडचं. तिकडे फौजेतून आलेल्या माणसाला 'आता शेती बघा' म्हणणारे पुष्कळ, पण शेती बघून पोराची इंजिनिअरिंगची फी निघत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने कॅश व्हॅनसाठी नियम केले. एका गाडीवर दोन हत्यारी गार्ड, एका फेरीत पाच कोटींपेक्षा जास्त रक्कम नाही, शहरात रात्री नऊनंतर एटीएम भरायचं नाही. त्यातल्या दोघांपैकी एक आमचे आप्पा. हत्यार त्यांचं स्वतःचं, लायसन्सचं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातली .३२ रिव्हॉल्वर. घरातली सगळ्यात महाग वस्तू तीच. आईच्या मंगळसूत्राचा नंबर दुसरा.

त्यांचं जुनं होल्स्टर चामड्याचं होतं. जून लागला की त्यावर पांढरी बुरशी धरायची. आप्पा रोज रात्री रिव्हॉल्वर बाहेर काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळी ठेवायचे. दमट चामड्यात पोलाद ठेवलं की गंज धरतो, हे त्यांना मेटलर्जी न शिकता माहीत. मला मात्र इंजिनिअरिंगची नवी नवी खाज. सेकंड इयरला होतो, ट्यूशनचे पैसे हातात आले होते. एका दुकानात नायलॉनचं होल्स्टर बघितलं. काळं, हलकं, आत फोम, वर प्रेस बटणाचा पट्टा, किंमत १८० रुपये. लेबलवर लिहिलेलं '१००० डेनिअर नायलॉन, फ्री साइझ'. डेनिअर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, हे आदल्याच महिन्यात वाचलेलं. मी आप्पांना तिथल्या तिथे लेक्चर दिलं. १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या कॅरोदर्सने नायलॉन शोधला, आधी टूथब्रश आणि बायकांचे मोजे निघाले, मग महायुद्धात पॅराशूट झाली. जे पॅराशूटला चालतं ते तुमच्या कमरेला का नाही चालणार? आप्पांनी हातात घेऊन दाबून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "लय मऊ हाय रं." पण पोराने आणलंय म्हणून बांधलं.

मऊ म्हणजे काय ते मला नंतर कळलं. चामड्याचं होल्स्टर रिकामं झालं तरी तोंड उघडं धरून उभं राहतं. हे रिकामं झालं की पिशवीसारखं मिटायचं. रिव्हॉल्वर परत ठेवायला दुसऱ्या हाताने तोंड फाकवावं लागायचं. गनमनचा दुसरा हात तेवढ्यासाठी मोकळा असतो का? शिवाय फोम पावसाचं पाणी पिऊन बसायचा. कापड वरून वाळलेलं, आत ओल तशीच. पण आप्पा कधी तक्रार करत नाहीत आणि मी कधी विचारलं नाही.

जुलैच्या शेवटी, भर पावसात, आप्पा व्हॅनमधून उतरत होते. बटणाचा पट्टा उपटला आणि रिव्हॉल्वर बाहेर आली. सहा गोळ्या भरलेली. जमिनीवर पडली नाही, कारण आप्पांनी फौजेच्या सवयीने मुठीच्या कडीला डोरी बांधलेली होती, पोलिसांच्या खांद्याला असते तसली. गुडघ्याजवळ लोंबकळत राहिली. रस्त्यावर माणसं होती. हत्यार पडून उडालं असतं किंवा कुणी उचलून पळालं असतं, तर लायसन्स, नोकरी आणि बाकीचं काय झालं असतं ते मी लिहीत नाही. रविवारी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी हे चहा ओतता ओतता सांगितलं. "डोरी होती म्हून वाचलो." मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी ते होल्स्टर होस्टेलवर आणलं आणि तसलंच दुसरं विकत घेतलं. लॅबमध्ये सरांच्या हातापाया पडून यूटीएमवर पट्टा लावला. ते मशीन सळ्या तोडायचं. आमच्या पट्ट्याने काटा हललासुद्धा नाही, जबड्यातून घसरून मात्र आला. सर म्हणाले, "हत्तीच्या काट्यावर मुंगी तोलतोस." मग बादली. गॅलरीच्या कठड्याला होल्स्टर टांगलं, बटणाच्या पट्ट्याला बादली अडकवली आणि मगने पाणी ओतत गेलो. अकरा लिटरला बटण कापडातून सबंध उपटलं. रिव्हॉल्वर पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे पास? रूममेट म्हणाला, पास! पण आप्पांचं तर सव्वा महिन्यात गेलं होतं.

मग डोक्यात प्रकाश पडला, फटीग. उपटलेलं बटण परत ठोकून घेतलं. पीएलमध्ये अभ्यास करता करता ते उघड-मीट करत बसलो. हजारभर वेळा झाल्यावर बटणाभोवतीचे धागे सरकलेले स्पष्ट दिसले. मागे वॉशर नाही, चामड्याचा तुकडा नाही, नुसतं भोक पाडून बटण ठोकलेलं. भोकाची कडा वितळवून बंद केलेली नाही, त्यामुळे धागे सुटत जातात. या वेळी ओलं करून टांगलं, चार लिटरला गेलं. हजार डेनिअरचं कापड शाबूत होतं. हजार डेनिअर बटण धरून ठेवत नाही, हे लेबलवर कोण लिहील?

एक गंमत राहिली. दोन्हींचे तुकडे कापून, साबणाच्या पाण्यात पिळून हवा काढून, बादलीत टाकले. कापड बुडालं. कमरेच्या बेल्टचा लूप मात्र तरंगत राहिला. नायलॉनची घनता १.१४, पाण्यात बुडायलाच हवा. तरंगतं ते पॉलिप्रॉपिलीन, ०.९. म्हणजे ज्या लूपवर सगळा भार, तो नायलॉनचा नव्हताच. सुतळीच्या जागी हल्ली गोण्या शिवायला वापरतात त्याच जातीचा माल. उन्हात त्याला खास रसायन घातलं नाही तर तो भुगा होतो. तुटला नव्हता हे नशीब.

हे सगळं वहीत लिहून, आकृत्या काढून आप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग पलंगाखालून जुनं चामड्याचं होल्स्टर काढलं. स्टेशनजवळच्या चांभाराकडून त्यांनी ते आधीच मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवून आणलं होतं, ४० रुपयांत. मी बुरशी पुसून दिली.

नायलॉनच्या त्या पाकिटाला चांभाराने मागे चामड्याचा तुकडा लावून नवं बटण ठोकून दिलंय. आप्पा आता त्यात टॉर्च ठेवतात. टॉर्चलाही डोरी बांधली आहे.