नाव शेवटी

क्लोद देब्युसी या फ्रेंच संगीतकाराने पियानोसाठी २४ प्रेल्यूड लिहिली. पहिली १२ छापून आली १९१० मध्ये, उरलेली १९१३ मध्ये. गंमत म्हणजे यातल्या एकाही रचनेचं नाव पानाच्या वर नाही. ते शेवटच्या सुरानंतर, खाली कंसात, तीन टिंबं देऊन छापलंय. म्हणजे आधी वाजवा, ऐका, मग नाव वाचा.

लहान मुलांना देब्युसी ऐकवायचा तर माझ्या मते एवढी एक सूचना पुरे. आपण नेमकं उलटं करतो. "आता ऐक हं, हा पाऊस आहे. आला ना ऐकू पाऊस?" पोरगं मान डोलावतं. परीक्षा पास! पण ऐकलं काय? कप्पाळ. आमच्या धंद्यात फंक्शनला आधी नाव द्यावं लागतं, कबूल. गाण्याला कशाला?

मध्यंतरी सात वर्षांच्या भाचीला पहिल्या भागातलं सहावं प्रेल्यूड ऐकवलं, काहीही न सांगता. साधारण चार मिनिटांचं आहे. डाव्या हाताला अडखळत वर चढणारं एक बारकं पाऊल, तेच जवळपास शेवटपर्यंत. संपल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "मामा, कुणीतरी रात्री पाणी प्यायला उठलंय आणि घरात सगळे झोपलेत." मग मी नाव सांगितलं: 'बर्फातली पावलं'. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "चालेल."

बर्फ तिने फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय. पण सामसूम आणि जपून टाकलेली पावलं तिला बरोब्बर सापडली. देब्युसीला लोक इम्प्रेशनिस्ट म्हणतात. त्याला स्वतःला ते लेबल आवडत नसे, पण समुद्र, वारा, पाऊस, धुकं यांच्या नकला न करता त्यांच्यापाशी उभं राहिल्यावर जे वाटतं ते त्याने सुरांत धरलं. तिथे 'बरोबर उत्तर' कुठून आणणार?

त्यानंतर दुसरं प्रेल्यूड लावा, 'व्वाल'. या शब्दाचा अर्थ होडीची शिडं, किंवा झिरझिरीत बुरखे. फ्रेंचमध्ये दोन्ही! हे जवळजवळ सगळं सहा सुरांच्या सारख्या अंतराच्या सप्तकात आहे. (सहाच सूर, तरी 'सप्तक'. असो.) घरी हार्मोनियम असेल तर पांढरी एकचा सा धरा: पहिल्या तीन पांढऱ्या पट्ट्या, पुढच्या तीन काळ्या. पंचमच नसल्यामुळे टेकायला जागा नाही, सगळं तरंगत राहतं. आणि पोरांनी कुठूनही कशीही बोटं मारली तरी चुकल्यासारखं वाटत नाही.

१९०८ मध्ये त्याने आपल्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलीला, शूशूला, 'चिल्ड्रन्स कॉर्नर' अर्पण केलं. अर्पणपत्रिकेत 'पुढे येणाऱ्या' संगीताबद्दल लेकीची माफीही मागितलीय. बाप हुशार होता. त्यातलं चौथं, बर्फाच्या नाचाचं, अगदी पिटुकल्यांनाही आवडतं. (अरेच्चा, नाव सांगून बसलो!) २३-२४ मिनिटांचं 'ला मेर' मात्र सावकाश, मुलं मागतील तेव्हा.

आठवडाभर पोरांना प्रत्येक प्रश्नाचं एकच उत्तर द्यावं लागतं. शनिवारची चार मिनिटं तरी त्यांना काय ऐकू आलं ते आपण ऐकू. नाव काय, शेवटी सांगता येतंच.