सदतीस मिनिटं

रत्नागिरीत घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला नसतो. त्याला अजून सरासरी ३७ मिनिटं हवी असतात. हिशोब शाळेतल्या भूगोलाचाच: एक रेखांश म्हणजे चार मिनिटं. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर ठरते, रत्नागिरी आहे साधारण ७३.३ वर. फरक ९.२ अंश, गुणिले चार. झालं!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना याचं काहीच वाटत नाही. कंप्युटरच्या यादीत अख्ख्या भारताला मिळून एकच नाव, 'एशिया/कोलकाता'. ग्रिनिचच्या वेळेत साडेपाच तास मिळवा आणि मोकळे व्हा. रशियात ११ टाइम झोन सांभाळावे लागतात. चीन मात्र आपल्याहून कितीतरी रुंद असूनही सगळा बीजिंगच्या वेळेवर चालतो.

पण एक घड्याळ काही फुकट मिळत नाही. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईकरांनी चक्क विरोध केला होता. ३९ मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम' पार १९५५ पर्यंत टिकला. आज आपल्याला त्याची आठवणही नाही, कारण या सौद्यात आपला फायदाच झाला. डिसेंबरच्या सुरुवातीला ऑफिस सुटल्यावर मांडवीला पोचलं, तर सहाच्या सुमाराचा सूर्यास्त मिळतो. त्याच दिवशी गुवाहाटीत साडेचारलाच सूर्य मावळलेला असतो. तिथली माणसं अर्धं ऑफिस दिवे लावून करतात आणि पहाटेचा लख्ख उजेड झोपेत वाया जातो. आसामातल्या चहाच्या मळ्यांनी यावर इंग्रजांच्या काळापासून उपाय शोधलाय, 'चायबागान टाइम'. घड्याळ सरळ एक तास पुढे!

मग देशात दोन टाइम झोन का नकोत? २०१८ मध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी तसं सुचवलंही होतं. भीती असते ती रेल्वेची. कोकण रेल्वेसारख्या एकेरी मार्गावर गाड्यांची क्रॉसिंग बघितलेल्या माणसाला ती भीती समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा एक प्रस्ताव मला जास्त पटतो: सगळ्या देशाचं घड्याळ कायमचं अर्धा तास पुढे करा. झोन एकच राहील, ईशान्येला थोडी संध्याकाळ मिळेल. किंमत आपण मोजायची. जानेवारीत रत्नागिरीत सूर्य सात-दहाच्या सुमारास उगवतो, तो सात-चाळीसला उगवेल. सकाळच्या शाळेची पोरं अंधारात निघतील. त्यावर उपाय आपल्याच हातात आहे, शाळा अर्धा तास उशिरा भरवायची. शाळेची वेळ गावाला बदलता येते, प्रमाणवेळ नाही.

अर्धा तास द्यायचा म्हटलं तर आपल्यातले किती जण तयार होतील? मी तरी देईन.