वहिवाटीची वाट

1976 साली इंग्लंडात जो उन्हाळा पडला त्याच्या आठवणी तेथील लोक अद्याप काढतात. 23 जूनपासून 7 जुलैपर्यंत रोज देशात कोठे ना कोठे पारा 32 अंशांच्या वर जात होता, आणि ऑगस्टात तर सरकारने अवर्षणाचा कारभार पाहण्यासाठी डेनिस हॉवेल नावाचे एक मंत्रीच मुक्रर केले. त्यांच्या नेमणुकीनंतर लौकरच पाऊस आला, याचे श्रेय त्यांना कितपत द्यावे हा प्रश्न निराळा. रत्नागिरीच्या वैशाखात वाढलेल्या मला या उन्हाचे भय वाटावे असे काही नव्हते. पण लीड्सच्या माझ्या घरमालकीणबाईंनी, मी अशा दिवसांत यॉर्कशरचे डोंगर तुडवायला निघालो आहे हे कळताच, स्वर्गवासी यजमानांची एक जुनी टोपी बळेच माझ्या हाती ठेवली.

स्किप्टनपर्यंत आगगाडी आणि पुढे मोटार असा प्रवास करून मी मॅलम या गावी उतरलो. गावाबाहेरची वाट ओढ्याच्या काठाने गर्द झाडीत शिरते आणि जेनेट्स फॉस या लहानशा धबधब्यापाशी पोहोचते. त्याच्यामागील गुहेत पऱ्यांची राणी राहते अशी लोककथा आहे, आणि त्याच्या डोहात एके काळी लोकर कातरण्यापूर्वी मेंढ्या धूत असत. तेथून पुढे गोर्डेल स्कारची खिंड लागते. चुनखडीचे प्रचंड कडे दोन्ही अंगांनी माथ्यावर झुकलेले, आणि मधून एरवी गर्जत येणारे पाणी त्या वर्षी इतके क्षीण झालेले, की जेम्स वॉर्ड या चित्रकाराने याच खिंडीचे जे अवाढव्य चित्र रंगविले आहे त्यातील रौद्रता उन्हाने पुरती शोषून घेतली होती. धबधब्याच्या बाजूने खडकांना धरून वर चढलो आणि माळावर आलो.

येथे झाड म्हणून नाही. दृष्टी जाईल तेथवर पिवळे पडलेले गवत आणि त्यावर आखलेले दगडी गडगे. त्यांच्या हातभर सावलीत काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या नाकाडाच्या मेंढ्या पोट भिंतीला लावून एका ओळीत धापा टाकीत पडलेल्या. एका ठिकाणी ढासळलेला गडगा एक वृद्ध शेतकरी पुन्हा रचीत होता. दोन्ही बाजूंनी दर्शनी दगड, मध्ये बारीक चिपांची भर, निम्म्या उंचीवर आरपार जाणारे लांब दगड, आणि कोठेही चुना वा माती नाही. आमच्या कोकणातील गवंड्यानेही मान डोलवावी असे ते काम होते. माझी वाट त्याच्या फाटकातून जात होती. परक्याच्या जमिनीत पाऊल टाकण्यापूर्वी मालकास विचारावे, या घरच्या शिस्तीने मी टोपी काढून परवानगी मागितली. तो काही क्षण माझ्याकडे पाहतच राहिला.

“परवानगी मी कसली देणार? जमीन माझी, पण वाट काही माझी नाही. जाताना फाटक तेवढे लावून घ्या.”

हे त्याचे औदार्य नव्हे, तो कायदा आहे, आणि तो फुकटाफाकट मिळालेला नाही. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर व शेफील्ड येथील शेकडो कामकरी तरुण बड्या जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेल्या किंडर स्काउट या पठारावर मनाई मोडून चढले, आणि त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास भोगावा लागला. 1949 च्या कायद्याने परगण्यापरगण्यातील पायवाटांची पाहणी करून त्यांचे नकाशे दप्तरी ठेवण्याचे फर्मावले. नकाशावर चढलेली वाट मालकाच्या मर्जीने बुजत नाही. मी चालत होतो त्याच मॅलमच्या माळावर, 24 एप्रिल 1965 रोजी, पेनाइन वे या अडीचशेहून अधिक मैलांच्या पायवाटेचे उद्घाटन झाले. तारखेचा हा योग जुळून आला असो वा जुळविलेला असो, मला तो उचित वाटतो.

मॅलम टार्न या सरोवरातून निघालेला ओहोळ थोड्याच अंतरावर खडकांत गडप होतो आणि मुख्यतः गावाखालच्या झऱ्यांतून एअर नदी होऊन प्रकटतो. हीच एअर पुढे लीड्समधून, कारखान्यांच्या भिंती चाटीत, वाहते. त्या ओहोळाने टाकून दिलेल्या कोरड्या दरीतून मी मॅलम कोव्हच्या माथ्यावर आलो. सुमारे ऐंशी मीटर उंचीचा हा अर्धवर्तुळाकार कडा खालून भव्य दिसतो खरा, परंतु माझे मन रमले ते त्याच्या माथ्यावरील फरसबंदीत. हिमनदीने खरवडून काढलेल्या चुनखडीला पावसाने सहस्रावधी वर्षे झिजवून तिच्या लाद्या पाडल्या आहेत. बुटांच्या तळव्यांतून त्या लाद्यांचा चटका पोहोचत होता. पण दोन लाद्यांमधील खोल फटीत कोपरापर्यंत हात घातला, तो बोटांना ओलसर गारवा लागला आणि जिभेसारख्या लांब पानांचे हिरवेगार नेचे हाताला लागले. वर अवर्षण आणि खाली श्रावण! मी तेथे बराच वेळ पालथा पडून होतो. जाणारे-येणारे काय म्हणाले असतील ते असो.

परतल्यावर हा वृत्तान्त मी काकांना लिहिला. मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेल्या काकांनी उलटटपाली लिहिले, की आपल्याकडेही 1906 चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे, वहिवाटीच्या रस्त्यात कोणी अडथळा केल्यास सहा महिन्यांच्या आत दावा लावावा, मामलेदार तो दूर करवितात. काकांचे म्हणणे खरे आहे. मात्र ते कलम शेतावर जाणाऱ्या नांगराची आणि बैलांची सोय पाहते. ज्याला कोठेही पोहोचायचे नाही, नुसते चालायचे आहे, असा मनुष्य ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नव्हता. आपल्या पाणंदी आणि पाखाड्या बुजून जाण्यापूर्वी त्याचीही नोंद कोणीतरी दप्तरी घ्यावी.